डेन्मार्कची आत्या

आम्हा चौघा भावंडांना दोन आत्या होत्या. एक आमच्याच छपराखाली राहणारी, दुसरी वर्तमानपत्रातली. घरातली आत्या ही बाबांची आणि काकांची थोरली बहीण. ते दोघं तिला आक्का म्हणत. आई आणि काकू वन्सं म्हणत. वर्तमानपत्रातल्या आत्याचं नाव ॲन वॉरबर्टन. ब्रिटनच्या परराष्ट्र खात्याने १९७६ साली तिला राजदूत म्हणून डेन्मार्कला पाठवलं. राजदूतपदावर प्रत्यक्ष रुजू झालेली ती पहिली ब्रिटिश बाई. तिचा आमचा काडीचाही संबंध नव्हता. आम्ही तिला कधी पाहिलं नाही, आणि आम्ही जगात आहोत याची तिला खबर असण्याचं कारण नव्हतं. तरीही बाबांनी तिला ‘डेन्मार्कची आत्या’ करून टाकलं. त्यानंतर लग्न, शिक्षण किंवा नोकरी यांवरून घरात झालेला एकही वाद तिला मध्ये आणल्याशिवाय मिटला नाही.

घर लंडनच्या वायव्येला, विल्सडनमध्ये. बाबांनी आणि काकांनी मिळून घेतलेलं. संसार दोन, कर्ज एक. खाली काका-काकू आणि त्यांची दोन मुलं, वर आम्ही, आणि वरच्या मजल्यावर मागच्या खोलीत आत्या. त्या काळात तिकडे वाढलेल्यांना अशा घराचं वर्णन नव्याने सांगायला नको. पॅराफिनच्या हीटरचा वास शाळेच्या गणवेशालाही यायचा. गॅसच्या मीटरमधलं नाणं ऐन पुरणपोळीच्या वेळी संपायचं आणि काकू सगळ्यांचे खिसे चाचपत फिरायची. आजीला लिहिलेल्या निळ्या एरोग्रामवर जागा संपली की उरलेला मजकूर कडेकडेने वळत जायचा. रविवारी सकाळी बीबीसीवर ‘नई जिंदगी नया जीवन’ लागलं की दोन्ही संसार एका दूरचित्रवाणी संचापुढे जमायचे.

काका भुयारी रेल्वेत गार्ड होते, आणि घरात वर्तमानपत्र यायचं ते त्यांच्या कृपेने. पैसे टाकून पेपर घेणं ही उधळपट्टी मानली जाई. पण प्रवाशांनी डब्यात टाकून दिलेले टाइम्स, गार्डियन, टेलिग्राफ आणि मिरर काका पाळी संपताना गोळा करून आणत. पेपर एक दिवस शिळा असे आणि शब्दकोडं कुणीतरी अर्धवट सोडवलेलं असे. आमची राजकीय मतं घडली ती अशी, सगळ्याच पक्षांची आणि एक दिवस उशिरा.

बाई राजदूत होते याचं आमच्या वडीलधाऱ्यांना मुळीच नवल नव्हतं. बाबा आणि काका लंडनला आले तेव्हा ऑल्डविचच्या इंडिया हाउसमध्ये भारताच्या उच्चायुक्त म्हणून विजयालक्ष्मी पंडित बसत होत्या. १९५४पासून १९६१पर्यंत त्या तिथे होत्या. त्याआधी १९४७मध्ये मॉस्को, १९४९मध्ये वॉशिंग्टन आणि १९५३मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचं अध्यक्षपद. जगाच्या दृष्टीने त्या नेहरूंच्या भगिनी. आमच्या घरात मात्र ही ओळख दुय्यम होती. त्यांचे यजमान रणजित सीताराम पंडित यांचं घराणं मूळचं कोकणातल्या बांबुळीचं, म्हणून काकांच्या लेखी त्या ‘आपल्याकडची सून’. १९६२मध्ये त्या महाराष्ट्राच्या राज्यपाल झाल्या तेव्हा ‘सून सासरी गेली हो!’ असं काकांनी जाहीर केलं, असं काकू पुढे कित्येक वर्षं सांगायची.

त्यामुळे वॉरबर्टनची बातमी असलेला पेपर टेबलावर आला तेव्हा बाबांचा पहिला उद्गार होता, “आत्ता?” सोव्हिएत रशियाने अलेक्झांड्रा कोलोन्ताय यांना १९२०च्या दशकातच नॉर्वेला पाठवलं होतं. अमेरिकेने तर याच कोपनहेगनला १९३३मध्ये रूथ ब्रायन ओवेन आणि १९४९मध्ये युजिनी अँडरसन अशा दोघींना पाठवलं होतं. भारताचा हिशेब वर आलाच आहे. “आणि हे लोक आपल्याला राज्यकारभार शिकवायला आले होते,” बाबा म्हणाले. काकांनी मान डोलावली. आईने पोळी उलटली. आत्या पेपर वाचत राहिली आणि मग म्हणाली, “पहिली आली म्हणून पेढे वाटायचे नसतात रे. दुसरी कधी येते ते बघायचं.”

हे वाक्य आम्हा चौघांनाही जसंच्या तसं आठवतं. बाकी त्या दिवसाबद्दल आमचं एकमत नाही. ताईच्या मते तो रविवार होता, दादाच्या मते नाही. धाकटा तर अजून म्हणतो की आत्या त्या वेळी घरातच नव्हती. पण वाक्य त्यालाही पाठ आहे.

आत्या एका सरकारी खात्यात टंकलेखक होती. साहेब लोकांची टिपणं टंकता टंकता तिला इंग्रजांच्या नोकरशाहीच्या पायऱ्या तोंडपाठ झाल्या होत्या. वॉरबर्टनचा जीवनक्रम तिने आम्हाला समजावला तो शाळेतल्या बाईंसारखा, एकेक पायरी थांबून. जन्म १९२७चा. शिक्षण आधी न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजात, नंतर ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल कॉलेजात. मग युद्धोत्तर युरोपला अमेरिकेची मदत पोहोचवणाऱ्या यंत्रणेच्या लंडन कचेरीत काम, पुढे पॅरिसला नाटोच्या सचिवालयात, त्यानंतर लाझार्ड ब्रदर्स या बँकेत. परराष्ट्र सेवेत ती आली १९५७मध्ये, वयाच्या तिशीत. ज्या नोकरीत मुलगे विशी ओलांडली की लगेच शिरत, तिथे ही तीन नोकऱ्या करून उशिरा आली. न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांत तीन वर्षं, मग बॉन. १९६५मध्ये राणी एलिझाबेथ पश्चिम जर्मनीच्या दौऱ्यावर गेली तेव्हा ती तिथल्या वकिलातीत होती. पुढे लंडन, मग जिनिव्हात कौन्सेलर, पुन्हा लंडनला एका विभागाची प्रमुख, आणि मग कोपनहेगन.

या एका जीवनक्रमातून आमच्या घरात प्रत्येकाने आपापल्या सोयीचं काढून घेतलं. बाबांनी सॉमरव्हिल उचललं. इंदिरा गांधी तिथल्याच, मार्गारेट थॅचर तिथल्याच, आता ही. “त्या कॉलेजातलं पाणीच वेगळं,” असं म्हणून त्यांनी ताईच्या हातात फ्रेंचचं व्याकरण ठेवलं. आईने भाषा आणि देशोदेशीचा प्रवास उचलला. दादा जर्मन सोडायला निघाला तेव्हा बॉन त्याच्या डोक्यावर आदळलं. काकूने ‘तिशीत’ एवढा एकच शब्द उचलला. तिचं शिक्षण लग्नाने अर्धवट राहिलं होतं. ओपन युनिव्हर्सिटी सुरू होऊन तोवर काही वर्षं झाली होती, आणि तिची व्याख्यानं दूरचित्रवाणीवर भल्या पहाटे लागत. एके दिवशी काकूने काकांना विचारलंच, “तिने तिशीत नवा डाव मांडला, तर मी पस्तिशीत पदवी घेतली म्हणून काय आभाळ कोसळणार आहे?” काकांकडे उत्तर नव्हतं. पुढची कित्येक वर्षं ते पहाटे अंधारात स्वतःचा चहा स्वतः करून कामावर जात आणि काकू रुंद कॉलरवाल्या प्राध्यापकांकडून समाजशास्त्र शिके.

आत्याने जे उचललं ते तिने बोलून दाखवलं नाही. जीवनक्रमात एक रकाना रिकामा होता. वॉरबर्टन अविवाहित होती.

त्या रिकाम्या रकान्यामागे एक नियम होता, आणि तो आत्याला ठाऊक होता. १९३०च्या दशकात ब्रिटिश परराष्ट्र खात्याने बायकांना घ्यायचं का यावर समिती बसवली, जगभरच्या आपल्या दूतांची मतं मागवली, आणि विचाराअंती नको असं ठरवलं. युद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९४२मध्ये मेरी मॅकगीची हिला वॉशिंग्टनच्या वकिलातीत राजनैतिक दर्जा मिळाला. कायमची दारं उघडली ती १९४६मध्ये, आणि तीही किलकिली. भरतीत दहांत एकीपेक्षा जास्त नको, आणि लग्न केलं तर राजीनामा. गंमत म्हणजे त्याच वर्षी इंग्लंडातल्या बाकी मुलकी सेवेतून लग्नाची ही अट काढून टाकली होती. परराष्ट्र सेवेने ती १९७३पर्यंत धरून ठेवली. या अटीने कोण गेलं, याचं सगळ्यांत ठळक उदाहरण सिसिली मेह्यूचं. ऑक्सफर्डची पहिल्या वर्गातली पदवी, युद्धात ब्लेचली पार्कमध्ये काम, १९४७मध्ये सेवेत, नेमणूक बेलग्रेडला. १९४९मध्ये तिने क्रिस्टोफर मेह्यू यांच्याशी लग्न केलं, जे त्याच परराष्ट्र खात्यात कनिष्ठ मंत्री होते. नवरा खात्यात राहिला, बायकोला खातं सोडावं लागलं.

अट पाळून जी वर चढली तिचीही एक गोष्ट आत्या सांगायची. बार्बरा सॉल्ट. युद्धात टँजियर, मग मॉस्को, वॉशिंग्टन, तेल अवीव, जिनिव्हातल्या निःशस्त्रीकरणाच्या वाटाघाटी. १९६२मध्ये इस्राएलला राजदूत म्हणून नेमणूक जाहीर झाली. ब्रिटनची पहिली महिला राजदूत तीच व्हायची. मध्येच गंभीर आजार झाला, दोन्ही पाय कापावे लागले, आणि नेमणूक कागदावरच राहिली. पण बाई घरी बसली नाही. नंतर तिने रशियाशी आणि रुमानियाशी आर्थिक वाटाघाटी चालवल्या. सॉल्ट वारली ती १९७५च्या डिसेंबरमध्ये. वॉरबर्टनची नेमणूक तिला बघायला मिळाली नाही, याची हळहळ आत्याला कायम राहिली.

मुंबईत एका कचेरीत लागताना आत्याकडूनही तसंच लिहून घेतलं होतं: लग्न ठरलं तर नोकरी सोडीन. तिने सही केली. आजोबा स्थळं बघू लागले तेव्हा बाबा आणि काका कॉलेजात होते आणि दोघांच्या फिया आत्याच्या पगारातून जात होत्या. नोकरी सुटली असती तर दोघांपैकी एकाचं शिक्षण सुटलं असतं. स्थळं आली तशी गेली. ही हकिकत आम्हाला आईने सांगितली, आणि तीही आम्ही पुरते मोठे झाल्यावर. मग बाबांनी एका अनोळखी इंग्रज बाईला ‘आत्या’ का म्हटलं असेल आणि त्या थट्टेत आत्याचा मान इतका का राखला जायचा, हे थोडंसं उमगलं.

१९७६ हे वर्ष आमच्या गल्लीत दुसऱ्याही कारणाने गाजलं. उन्हाळा असा तापला की गवत पिवळं पडलं आणि पाणी जपून वापरायचे हुकूम सुटले. ऑगस्टमध्ये, आमच्यापासून पायी जाण्याच्या अंतरावर, ग्रनविक या फोटो धुण्याच्या कारखान्यातून जयाबेन देसाई बाहेर पडल्या. त्यांच्यासोबत साड्या नेसलेल्या, बहुतेक पूर्व आफ्रिकेतून आलेल्या बायका फाटकाशी उभ्या राहिल्या. पुढच्या उन्हाळ्यात डॉलिस हिल स्टेशनाबाहेर हजारो लोक आणि पोलिसांच्या रांगा होत्या. आत्या कामावरून येताना वाट वाकडी करून तिकडून यायची. काकूने एकदा थर्मास भरून चहा पाठवला, आणि संप मोडला तेव्हा घरात कुणाचंच जेवणात लक्ष लागलं नाही. समान वेतनाचा कायदा आणि लिंगभेदाविरुद्धचा कायदा १९७५च्या अखेरीस एकदमच अमलात आले होते. त्यानंतरच्या एकाच वर्षात एका बाईला राजदूतपद मिळालं आणि दुसऱ्या बाईला कारखान्याच्या फाटकाबाहेर युनियनचा हक्क मागत उभं राहावं लागलं. दोन्ही गोष्टी आमच्याच टेबलावर, शिळ्या पेपरांत, शेजारी शेजारी पडून असत.

डेन्मार्कच्या आत्याचा खरा उपयोग झाला तो लेस्टरच्या स्थळाच्या वेळी. कुणीतरी आत्यासाठी एक विधुर सुचवला. स्वतःचं घर होतं, हिशेबनीसाची नोकरी होती, मुलं मार्गी लागलेली होती. काकांना वाटलं, उतारवयात सोबत होईल. आत्याने शांतपणे विचारलं, “आणि कोपनहेगनला कोण लिहून कळवतंय, की आता तूही कर म्हणून?” काका म्हणाले, “आक्का, ती राजदूत आहे. तिच्याकडे स्वयंपाकी आहे, मोटार आहे.” आत्या म्हणाली, “मग स्वयंपाकी बघ माझ्यासाठी. नवरा कशाला?” लेस्टरचं प्रकरण तिथेच मिटलं.

विनोद सोडला तर काकांच्या बोलण्यात तथ्य होतं. वकिलात त्या काळी दोन माणसांच्या कष्टांवर चालायची आणि पगार एकालाच मिळायचा. राजदूताने दिवसा वाटाघाटी करायच्या आणि त्याच्या बायकोने संध्याकाळी पन्नास माणसांचं आदरातिथ्य सांभाळायचं, इतर अधिकाऱ्यांच्या बायकांना कामाला लावायचं, हे गृहीतच होतं. एकटी बाई राजदूत झाली की हे सगळंच तिच्याकडे यायचं. आई म्हणायची, “म्हणजे आपल्यासारखंच. नोकरी करून आल्यावर दुसरी नोकरी.”

१९७९चा मे महिना आम्हाला विशेष आठवतो. चार तारखेला मार्गारेट थॅचर पंतप्रधान झाल्या. त्याच महिन्यात राणी एलिझाबेथ डेन्मार्कच्या राजकीय भेटीला गेली. तिकडे गादीवर राणी मार्ग्रेथे दुसरी. पाहुणी राणी, यजमान राणी, पाठवणारी पंतप्रधान बाई आणि मध्ये सगळं जुळवणारी राजदूत बाई. दूरचित्रवाणीवर ती मिरवणूक बघताना काका म्हणाले, “पुरुषांनी आता काय करायचं?” काकू म्हणाली, “घोडे धरायचे.” त्या भेटीनंतर वॉरबर्टनला ‘डेम’ किताब मिळाला.

पण त्याच वर्षी मामाच्या पत्रातून एक कात्रण आलं आणि बाबांचा जुना अभिमान जरा नरमला. सी. बी. मुथम्मा या १९४९मध्ये भारतीय परराष्ट्र सेवेत दाखल झालेल्या पहिल्या महिला अधिकारी. हंगेरीत राजदूत झालेल्या. बढती डावलली म्हणून त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि त्यात सगळं उघड झालं. भारतीय सेवेतही बाईने लग्नापूर्वी लेखी परवानगी घ्यायची आणि सांगितलं तर राजीनामा द्यायचा, असा नियम होता. दरम्यान बढती मिळाल्यामुळे याचिका निकालात निघाली, पण न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी अशा नियमांवर कडक ताशेरे ओढले. बाबांनी कात्रण दोनदा वाचलं. आत्या म्हणाली, “विजयालक्ष्मीबाई नेमणुकीने गेल्या, परीक्षा देऊन नाही. परीक्षा दिली असती तर त्यांच्याही पुढे तोच कागद आला असता.” ब्रिटन मागे आणि भारत पुढे, हा बाबांचा हिशेब त्यानंतर त्यांनी जेवणाच्या टेबलावर पुन्हा मांडला नाही.

डेन्मार्कशी आमचं नातं तसं दूरचं नव्हतं. ब्रिटन आणि डेन्मार्क १९७३च्या पहिल्या तारखेला एकदमच युरोपीय समुदायात आले होते, आणि आई तूप कढवायची ते लुर्पाकच्या बिनमिठाच्या लोण्याचं. भारतातून पाहुणा आला की आई तुपाची बरणी पुढे करून म्हणायची, “डेन्मार्कचं आहे, आमच्या वन्संनी पाठवलंय.” मासळीच्या बाबतीत मात्र नातं बिघडलं. मत्स्यव्यवसायाचं सामायिक धोरण ठरवताना १९८२च्या अखेरीस बाकी सगळे देश तयार झाले, एकटा डेन्मार्क अडून बसला. त्यांना स्कॉटलंडच्या पश्चिमेकडचे बांगडे अधिक हवे होते. जानेवारी १९८३मध्ये केंट कर्क नावाचा डॅनिश कोळी, जो युरोपीय संसदेचा सदस्यही होता, मुद्दाम आपली बोट घेऊन ब्रिटिश हद्दीत शिरला. त्याला पकडून ३० हजार पौंड दंड केला गेला. पुढच्या वर्षी युरोपीय न्यायालयाचा कौल त्याच्या बाजूने लागला, पण वाटणीचा करार त्या जानेवारीतच झाला. बातम्या ऐकताना काका कालवणातला बांगडा उचलून म्हणायचे, “आक्का, तुझी डेन्मार्कवाली हा आपला बांगडा सोडून तर देणार नाही ना?” आत्याने वकिलातीची बाजू मांडायची आणि काकांनी मालवणच्या कोळ्यांची, म्हणजे वस्तुतः ब्रिटिश कोळ्यांची. कोपनहेगनमध्ये बसून दोन्हीकडच्या रागावलेल्या कोळ्यांची समजूत घालणं कसं असेल, याची थोडी कल्पना आम्हाला त्या जेवणांतून आली.

१९८३मध्ये वॉरबर्टन संयुक्त राष्ट्रांतली ब्रिटनची कायम प्रतिनिधी म्हणून जिनिव्हाला गेली आणि १९८५मध्ये सेवेतून बाहेर पडून केंब्रिजच्या लूसी कॅव्हेंडिश कॉलेजची प्रमुख झाली. शिक्षण मध्येच सुटलेल्या, वयाने मोठ्या बायकांसाठी ते कॉलेज १९६५मध्ये निघालं होतं. ही बातमी ऐकून काकू जितकी खूश झाली तितकी स्वतःच्या पदवीच्या दिवशीही झाली नसेल. “बघा,” ती म्हणाली, “तिला माहीत आहे कुठे जायचं ते.” १९८६पासून दोन वर्षं वॉरबर्टन समान संधी आयोगाचीही सदस्य होती, आत्याला हे त्याहून महत्त्वाचं वाटलं.

तिचं अखेरचं मोठं काम आलं तेव्हा आमच्यातली ताई दोन मुलांची आई झाली होती. १९९२च्या डिसेंबरमध्ये युरोपीय समुदायाने वॉरबर्टनच्या नेतृत्वाखाली एक तपास मंडळ पूर्वीच्या युगोस्लाव्हियात पाठवलं. बोस्नियातल्या मुस्लिम स्त्रियांवर होणाऱ्या अत्याचारांची चौकशी करायची होती. १९९३च्या सुरुवातीला आलेल्या अहवालात पीडितांचा अंदाज सुमारे २० हजार दिला होता. हे बलात्कार युद्धाच्या ओघात घडलेले नसून युद्धाचं हत्यार म्हणून वापरले गेले, असंही त्यात स्पष्ट म्हटलं होतं. पुढे युगोस्लाव्हियासाठीच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने अशा गुन्ह्यांसाठी शिक्षा सुनावल्या. आमच्या घरात त्या वेळी या विषयावर कुणी थट्टा केली नाही, की तो वादात वापरला नाही. आत्याने तो पेपर वाचून काढला आणि नेहमीसारखा काकांच्या रद्दीत न टाकता आपल्या खोलीत नेला.

‘दुसरी कधी येते’ याची नोंद आत्या ठेवायची. बोत्सवानात १९७३पासून एलिनॉर एमरी उच्चायुक्त होती, पण आत्याच्या हिशेबात राजदूत वेगळे, उच्चायुक्त वेगळे. राजदूतांत पुढचं नाव आलं ते १९८१मध्ये, गिलियन ब्राउनचं, नॉर्वेला. १९८७मध्ये व्हेरॉनिका सदरलंड आयव्हरी कोस्टला गेली. राजदूत झालेली ती पहिली विवाहित ब्रिटिश बाई. ते वाचून आत्या बराच वेळ पेपर हातात धरून बसली आणि मग एवढंच म्हणाली, “आता झालं.” तिथे तिची नोंद थांबली. सदरलंड २००१मध्ये लूसी कॅव्हेंडिश कॉलेजचीच प्रमुख झाली, पण हे सांगायला तोवर आत्या नव्हती.

ॲन वॉरबर्टन २०१५च्या जूनमध्ये गेली, वयाची ८८ वर्षं पूर्ण व्हायला चार दिवस असताना. आम्ही चौघं तोवर चार शहरांत पांगलो होतो. दादाने मृत्युलेख भावंडांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला. खाली फक्त ‘डेन्मार्कची आत्या’ एवढं लिहिलं, आणि त्या रात्री जितकं बोलणं झालं तितकं आमच्या घरच्या कुठल्याही बारशाला झालं नाही. लेस्टरच्या विधुरापासून बांगड्यापर्यंत सगळं निघालं.

तो गट पुन्हा तसाच पेटला २०२४मध्ये, ब्रिटनने लिंडी कॅमेरन यांना दिल्लीला उच्चायुक्त म्हणून नेमलं तेव्हा. तोवर बीजिंग, वॉशिंग्टन, मॉस्को, पॅरिस, संयुक्त राष्ट्रं अशा सगळ्या मोठ्या ठिकाणी ब्रिटनच्या बायका जाऊन आल्या होत्या. दिल्लीला मात्र पहिलीच. ताईची मुलगी आमच्या गटात नुकतीच आली होती. तिने विचारलं, “बाई आहे यात बातमी काय? व्यापार कराराचं आणि व्हिसाचं ती काय करणार आहे, ते सांगा ना.” ताई खूश झाली. हा प्रश्न ऐकायला आत्या हवी होती, असं तिने लिहिलं. दादाला पटलं नाही. भारताने स्वातंत्र्याच्या वर्षीच मॉस्कोला बाई पाठवली आणि ब्रिटनला दिल्लीला बाई पाठवायला ७७ वर्षं लागली, तर ती बातमीच आहे, असं त्याचं म्हणणं. धाकट्याने दोघांनाही आत्याचं ते एक वाक्य लिहून पाठवलं. तो निकष लावायचा तर भाचीला अजून थोडं थांबावं लागेल. दिल्लीत दुसरी यायची आहे.